मूळ पेशी : स्त्री, वय ६२

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात चंद्रपुरात पारा सत्तेचाळीसवर गेला आणि भर घाटात मोनाली उरकुडेच्या ट्रकचे चौकोन झाले. आधी चाकं विरघळली, मग हेडलाइट, मग अख्खा रस्ता न्हाणीच्या फरशीसारखा चौकटीचौकटींचा होऊन गेला. तिच्या स्वतःच्या पडद्यावर खेळ ठीक चालला होता. पण तो बघत बसलेल्या नऊ हजार लोकांना नुसते चौकोन दिसत होते, आणि तिचा आवाज तुटत तुटत येत होता.

"ताई, हा ट्रक आहे का बर्फी?" एकाने लिहिलं.

दहा मिनिटांत नऊ हजारांचे चार हजार झाले.

मोनाली पस्तिशीची. गेली तीन वर्षं रोज दुपारी दोन ते पाच ती 'घाटवाट' नावाचा खेळ खेळायची आणि तो लोकांना थेट दाखवायची. खेळ साधा होता. वाजवीपेक्षा जास्त माल भरलेला ट्रक अवघड घाटातून उतरवायचा. लोक यायचे ते तिचं बोलणं ऐकायला. ब्रेक निकामी झाले की ती ट्रकची समजूत काढायची, दरीत पडला की त्याला रागवायची. उन्हाळ्यात दुपारी अख्खा विदर्भ दारं-खिडक्या लावून कूलरसमोर पडलेला असतो. तिचे प्रेक्षक तेच.

तिचा नवरा प्रफुल्ल कोळशाच्या डेपोत काट्यावर होता. सकाळी सहा ते एक भरलेले ट्रक तोलायचे, चिठ्ठी फाडायची, पुढचा ट्रक. सात तासांत कोणी त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही. घरी येऊन आंघोळ, जेवण झालं की तो मोनालीशेजारी खुर्ची टाकून बसायचा, लोकांचे शेरे मोठ्याने वाचायचा आणि रेकॉर्डिंगवर लक्ष ठेवायचा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघं तौसीफभाईच्या दुकानात गेले. गेल्या वेळचं मशीन त्यानेच जोडून दिलं होतं.

"तुमचा प्रोसेसर एका वेळी तीन कामं करून राहिला, ताई," तो म्हणाला. "पंगतीचा हिशेब घ्या. एक जण पुऱ्या तळतो, तो तुमचा खेळ. दुसरा गरम गरम वाढत जातो, ते थेट प्रक्षेपण. आणि तिसरा, जे आज आले नाहीत त्यांच्यासाठी डबे भरतो, ते रेकॉर्डिंग. तिघांनाही चूल एकच. तिसऱ्या पंगतीला कोणाचा तरी हात पोळतेच."

प्रक्षेपणाचं काम दिसतं त्यापेक्षा अवघड असतं. पडद्यावर सेकंदाला साठ चित्रं उमटतात. ती जशीच्या तशी पाठवायला कुठलीच तार पुरत नाही. म्हणून प्रोसेसर दोन चित्रांमधला फरक काढतो, पुढचं चित्र कसं असेल याचा अंदाज बांधतो आणि चुकलेलं तेवढंच पाठवतो. संथ दृश्यात हे सोपं जातं. घाटात भरधाव ट्रक निघाला की प्रत्येक क्षणी सगळंच बदलतं. मग घाईघाईत तपशील गाळला जातो आणि चौकोन उरतात. त्यात प्रोसेसर तापला, की जळू नये म्हणून तो स्वतःच आपला वेग उतरवतो.

"हा सोळा गाभ्यांचा, म्हणजे समजा सोळा आचारी," तौसीफभाईने एक खोका पुढे सरकवला. "ताकद भरपूर. पण तापते खूप. घरी एसी आहे?"

"कूलर."

"मग याचे सोळाचे आठ समजा. दुसरा उपाय म्हणजे दोन मशीन. एकावर खेळा, दुसऱ्यावर रेकॉर्ड करा. पण मग खोलीत दोन चुली."

"आणि तो?" प्रफुल्लने मागच्या काचेच्या दाराच्या उबदार कपाटाकडे बोट दाखवलं.

तौसीफभाईने जरा नाखुशीनेच कपाट उघडलं. आत स्टीलच्या डब्याएवढा पांढरा ठोकळा होता. 'अंकुर', जिवंत गाभ्याचा प्रोसेसर. मागच्या दिवाळीपासून बाजारात आला होता. त्यात नेहमीची चिप होतीच. तिच्यावर रुपयाच्या नाण्याएवढी काचेची बशी बसवलेली, आणि बशीत आठ लाख मेंदूपेशी. माणसाच्या.

कोणा माणसाचा मेंदू त्यासाठी कापलेला नसतो. दात्याच्या त्वचेचा कणभर तुकडा घेतात, त्या पेशी प्रयोगशाळेत पुन्हा कोवळ्या करतात आणि मेंदूपेशी व्हायला भाग पाडतात. बशीच्या तळाशी विजेच्या टोकांची जाळी असते. जाळीतून पेशींना खुणा जातात, पेशींची उत्तरं त्याच जाळीतून परत येतात. चित्राचं बारीक काम चिपच करते. पेशींनी एकच ओळखायचं असतं : पुढच्या क्षणी बघणाऱ्याची नजर कुठे जाईल. तिथे तपशील ओतायचा, बाकीकडे काटकसर करायची. हे काम सिलिकॉनला घाम फोडतं. पेशी ते झिरोच्या बल्बपेक्षाही कमी विजेत करतात.

"तापत नाही?" मोनालीने विचारलं.

"सदतीस अंश. माणसाच्या अंगाएवढा. बाहेर सत्तेचाळीस असले तरी आत सदतीसच. दर आठ दिवसांनी खाऊची पिशवी लावायची आणि घाण पाण्याची काढायची. वास येते थोडा."

"म्हणजे ते जिवंत आहे?"

"विरजणही जिवंतच असते," प्रफुल्ल म्हणाला.

खोक्यावर कायद्याने लावावी लागणारी पट्टी होती. तिच्यावर पाच ओळी होत्या. तिसरी ओळ : मूळ पेशी : स्त्री, वय ६२.

"ह्या बाई कुठल्या?" मोनालीने विचारलं.

"असतील कुठेतरी. नाव देत नाहीत. एक सांगू का ताई, मी हे विकतो, पण मला स्वतःला हे आवडत नाही. काहून ते मात्र विचारू नका."

मोनालीने थोडा वेळ विचार केला. तिला बर्फीचे चौकोन आठवले, पाच हजार लोक उठून गेलेले आठवले. "हेच द्या," ती म्हणाली. प्रफुल्लने आग्रह केला नव्हता. निवड तिची होती.

चित्र असं आलं की पहिल्या दिवशी लोक खेळाबद्दल बोलायचंच विसरले. दरीतल्या झाडांची पानं मोजून घ्यावीत. ट्रकच्या मागच्या फळीवरचा रंग उडालेला दिसायचा. पंधरा दिवसांत पेशी मोनालीच्या खेळण्याला सरावल्या. ती आरशात बघणार त्याच्या अर्धा क्षण आधी आरसा लख्ख होऊ लागला. बघणारे वीस हजार झाले.

पिशवी बदलण्याचं काम मात्र तिला जमेना. आत पिवळट पाणी साचलेलं असायचं, त्यात दोऱ्यासारखे तुकडे तरंगायचे. शिळी पेज आणि दवाखान्यातला ओला कापूस एकत्र ठेवला तर येईल तसला वास. एकदा ते पाणी तिच्या मनगटावर सांडलं. साबणाने तीनदा धुऊनही जेवताना घास वर नेला की तो वास नाकात शिरायचा. तेव्हापासून पिशवी प्रफुल्ल बदलू लागला. त्याला त्याचं काही वाटत नसे.

मशीनसोबत एक छोटी खिडकी पडद्यावर यायची. तिच्यात हिरवी रेघ धावायची. ती पेशींची हालचाल. मोनाली ट्रक सुरू करून बोलायला लागली की ती रेघ हळूहळू एका लयीत यायची. एखाद्या वेळी मात्र ती एकदम पिसाटायची, दोन-तीन क्षण वेडीवाकडी उडायची आणि परत खाली यायची. बिघाड असेल म्हणून मोनालीने कंपनीला फोन लावला. पुण्याहून अनघा दामले नावाच्या बाई बोलल्या. स्वतः पेशीशास्त्र शिकलेल्या होत्या.

"बिघाड नाही, मोनालीताई. त्या तशाच शिकतात. अंदाज बरोबर आला की आपण त्यांना एक संथ, ठरलेली खूण देतो. चुकला की गोंगाट. म्हणजे काही ताळतंत्र नसलेली खूण, कुठूनही, कशीही. पेशींना ठरलेलं मानवतं, गोंगाट मानवत नाही. तो टाळण्यासाठी त्या आपली जोडणी बदलतात."

"म्हणजे शिक्षा."

"आम्ही तो शब्द वापरत नाही."

"त्यांना दुखते का?"

"दुखायला मेंदूत त्यासाठी जागा लागते. इथे ती नाहीये."

"मग टाळतात काहून?"

"पाणी उताराकडे जातं. म्हणून त्याला चढाचं दुःख होतं, असं म्हणतो का आपण?"

उत्तर पटण्यासारखं होतं. मोनालीला ते पटलं.

हिरवी रेघ लोकांनाही दाखवावी, ही कल्पना प्रफुल्लची. पट्टीवरची तिसरी ओळ त्याने गंमत म्हणून वाचून दाखवली आणि त्याच दुपारी लोकांनी गाभ्याचं नाव ठेवलं, बुढी. 'बुढी आज खुश आहे.' 'बुढीला झोप आली.' चार दिवस सगळं कौतुकाचं चाललं. पाचव्या दिवशी कोणीतरी लिहिलं, 'बुढीला एक चिमटा काढून दाखवा ना.'

मशीनच्या मांडणीत तंत्रज्ञांसाठी 'चाचणी गोंगाट' म्हणून एक सोय होती. प्रफुल्लने ती शोधून काढली आणि तीन सेकंदांसाठी सुरू केली. रेघ अशी उसळली की खिडकीत मावेना. लोक हसून लोटपोट झाले. मोनालीही हसली. ट्रक चालवता चालवता डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. त्या दुपारी तिसऱ्यांदा गोंगाट दिला तो तिनेच.

दुसऱ्या दिवशी प्रफुल्लने पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात लाल बटण लावलं. हजार लोकांनी ते दाबलं की बुढीला तीन सेकंदांचा झटका. सुरुवातीला हजार व्हायला दहा मिनिटं लागायची. आठवड्याने दीड मिनिट. पुढच्या आठवड्यात बघणारे लाखावर गेले.

'माझ्या सासूच्या नावाने एक,' लोक लिहायचे. 'आठवीच्या बाईंच्या नावाने.' 'घरमालकिणीच्या नावाने दोन.' प्रफुल्ल ते वाचून दाखवायचा, नाव घेऊन झटका जाहीर करायचा. त्याचा आवाज आता भारदस्त झाला होता. बाजारात अनोळखी लोक त्याला थांबवून हात मिळवायचे. आयुष्यात पहिल्यांदाच लोक त्याला तोंडावरून ओळखत होते.

एकदा एकाने लिहिलं, 'माझ्या आईच्या नावाने.' प्रफुल्ल क्षणभर थांबला. मग त्याने तेही वाचलं.

मोनाली ट्रक चालवत राहिली. तिच्याकडे आता फारसं कोणी बघत नव्हतं.

जूनच्या तिसऱ्या रविवारी सकाळी ती आठवड्याच्या रेकॉर्डिंगमधून एक भाग कापायला बसली. चित्र बघून तिला वाटलं आपला चष्मा खराब झाला. रस्ता पुसट होता. ट्रक म्हणजे मातकट डाग. दरी, झाडं, सगळं दह्यात कालवल्यासारखं. तिने काच पुसली, पडद्याजवळ गेली. तेव्हा तिला उजवा कोपरा दिसला.

लाल बटण काचेसारखं स्वच्छ होतं. त्याच्या कडेची बारीक सावली दिसत होती, अक्षरांची टोकं दिसत होती. मशीनजवळ होता नव्हता तेवढा सगळा तपशील त्या एका बटणावर ओतलेला होता. तिने मागच्या दिवसांच्या फाइली एकामागून एक उघडल्या. सोमवारी रस्ता थोडा पुसट होता. बुधवारी आरसे गेले. शुक्रवारी ट्रक गेला. दर दिवशी कोपरा अधिक लख्ख.

तिने अनघाबाईंना फोन लावला. जे दिसलं ते सगळं सांगितलं.

"हॅलो?"

"ऐकतेय मी," अनघा म्हणाल्या. "ताई, त्याचं काम एवढंच आहे. सगळ्यांत महत्त्वाचं कुठे घडणार आहे ते आधी ओळखायचं. त्याने ओळखलंय."

"तुम्ही म्हटलं होतं पाणी उताराकडे जाते."

"म्हटलं होतं."

"पाणी असं एका जागी टक लावून बघते का?"

अनघाबाईंनी तिच्याकडून मशीनचा क्रमांक लिहून घेतला.

एक वाजता प्रफुल्ल आला. मोनालीने त्याला रेकॉर्डिंग दाखवलं. तो वाकून बघू लागला आणि त्याचा चेहरा उजळला. "बाप्पा! घाबरून राहिली बुढी!" तो म्हणाला. "हे लोकांना दाखवायला पाहिजे. मोना, हे मोठं करून दाखवू."

"बटण काढा ते."

"काहून? त्याला काही होत नाही, तुझ्या त्या पुण्याच्या बाईनेच सांगितलं."

"त्याला काही होते की नाही, मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. पण लोकांना वाटून राहिलं की त्याला दुखलं पाहिजे. सासूच्या नावाने, आईच्या नावाने. दुखत नाही असं कळलं तर एक जण तरी दाबेल का बटण? मी रोज त्यांच्यासमोर बसून हसते. मला माझी किळस येऊन राहिली."

"तूही दिला होता गोंगाट."

"दिला होता. म्हणूनच सांगून राहिली."

प्रफुल्ल जेवायला बसला. वरणभात कालवता कालवता म्हणाला, "लोक झुरळ मारतात, कोंबडी कापतात. तू कोंबडी खात नाही का? आठ लाख पेशी म्हणजे झुरळाएवढ्याही नाहीत."

त्याच हाताने त्याने सकाळी पिशवी बदलली होती. नखाच्या कडेला पिवळी रेषा तशीच होती. मोनालीने आपलं ताट बाजूला सारलं.

बटण तिने स्वतः काढलं. त्या दुपारी शिव्यांचा पाऊस पडला. पाच वाजेपर्यंत लाखाचे अकरा हजार उरले. प्रफुल्ल शेजारी बसून होता, पण त्याने एकही शेरा वाचला नाही. बटण नसलं तरी चित्राचा कोपरा लख्खच राहिला.

बुधवारी मोनाली वरोऱ्याला बहिणीकडे गेली. बहिणीच्या पायाचं प्लास्टर निघायचं होतं. दोन दिवस प्रक्षेपण बंद, असं तिने लोकांना सांगून ठेवलं होतं. शुक्रवारी दुपारी ती एसटीने परत निघाली. भद्रावतीच्या अलीकडे तिने सहज फोन काढला आणि तिला स्वतःचं चॅनल चालू दिसलं.

खेळ नव्हता. ट्रक नव्हता. काळा पडदा, मधोमध हिरवी रेघ, उजव्या कोपऱ्यात मोठं लाल बटण. बाजूच्या चौकटीत प्रफुल्ल, इस्त्रीचा शर्ट घालून. बघणारे तीन लाख दहा हजार. बटणाला आता हजार बोटं लागत नव्हती, शंभर पुरत होती. रेघेला खाली यायला उसंतच नव्हती. ती वरच्या कडेला जाऊन नुसती थरथरत होती. "अमरावतीहून विनंती आली आहे," प्रफुल्ल म्हणत होता.

शेजारी बसलेल्या बाईंनी मान वाकवली. साठीच्या असतील. मांडीवर आंब्यांची पिशवी, कपाळावर मोठं कुंकू, चेहरा मायाळू.

"हे बुढीवालं ना?" त्या म्हणाल्या. "आमच्याकडे नातवंडं पाहतात. मीही पाहते दुपारची. कशी तडफडते ना!"

मोनालीने फोन आवरण्याआधीच त्यांनी हात पुढे केला आणि आंब्याच्या चिकाने चिकट झालेल्या बोटाने बटण दाबलं. एकदा, मग आणखी एकदा. रेघ उसळली. बाई गालात हसल्या आणि बोट पदराला पुसलं.

"तेवढाच विरंगुळा," त्या म्हणाल्या.

मोनाली भद्रावतीला उतरली. स्टँडच्या नळावर तिने फोनची काच धुतली. पुढची गाडी पाऊण तासाने आली.

घरी पोचली तेव्हा साडेतीन झाले होते. खोलीत कूलरच्या गारव्यातही तो वास भरून राहिला होता. तिने मशीनची नेटची तार ओढून काढली. प्रफुल्ल उभा राहिला.

"तीन लाख लोक होते, मोना! तीन लाख!"

"तुम्ही बाहेर जा थोडा वेळ."

"माझं घर आहे."

"मला उलटी होईल. तुम्ही इथे दिसले तर मला उलटी होईल. जा."

तिचा चेहरा बघून तो गेला. चपला आपटत गेला, पण गेला.

तिने अनघाबाईंना सगळं सांगितलं. "कंपनीकडे परत पाठवला तर काय कराल?"

"पुसतात आणि दुसऱ्याला देतात. त्याचं आयुष्य चौदा महिन्यांचं असतं. तुमचा जेमतेम दीड महिना वापरलेला."

"पुसतात कसं?"

"गोंगाटाने. सलग सहा तास."

मोनालीने पुढचं काही विचारायच्या आत पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"मी हे सांगणं नियमात बसत नाही," अनघा हळू आवाजात म्हणाल्या. "डब्याचं तापमान तुम्हाला उतरवता येतं. सदतीसवरून अर्ध्या तासाला तीन-चार अंश, असं वीसपर्यंत. थंड झाल्या की पेशी आधी मंदावतात, मग थांबतात. साधारण अडीच तास. आणि ताई, तोवर त्यांना काहीतरी सोपं दाखवा. अंदाज चुकणार नाही असं. म्हणजे गोंगाट जाणारच नाही."

मोनालीने 'घाटवाट' उघडला. शिकाऊ चालकांसाठी त्यात एक सरळ रस्ता होता. वळण नाही, चढ नाही, दोन्ही बाजूंना एकसारखी झाडं. त्या रस्त्याने ती ट्रक नेऊ लागली. ताशी चाळीस. तापमान चौतीस.

ती बोलली नाही. बुढी म्हणावं, की आई म्हणावं, की काहीच म्हणू नये, हे तिला कळेना. बासष्ट वर्षांच्या कुठल्यातरी बाईने एक दिवस दंडाचा कणभर तुकडा दिला असेल. कशासाठी म्हणून दिला असेल? आज त्या कुठे बसल्या असतील? कदाचित त्याही दुपारच्या बघत असतील.

तीस अंशांवर रेघ खाली आली, पण तिचं थरथरणं गेलं नव्हतं. गाभ्यातून निघणारं चित्र मोनालीला मशीनवर तपासून पाहता येत होतं. समोरचा रस्ता पुसटच होता आणि उजवा कोपरा स्वच्छ. तिथे आता आभाळाचा निळा तुकडा होता, बाकी काही नाही. त्या रिकाम्या तुकड्यावर सगळा तपशील ओतणं चालूच होतं. सव्वीस अंशांवरही तेच. तिने ट्रकचा वेग बदलला नाही. तिची बोटं आखडली होती. बावीस अंशांवर रेघ लयीत आली, अगदी संथ, आणि मग लाटांमधलं अंतर वाढत गेलं. सहा वाजून दहा मिनिटांनी ती सरळ झाली. त्या शेवटच्या क्षणापर्यंत कोपरा स्वच्छच होता.

पिशवी तिने स्वतः काढली. नाक दाबून नाही, तोंड फिरवून नाही. कंपनीच्या पत्रकात लिहिल्याप्रमाणे जंतुनाशक घालून पाणी मोरीत ओतलं, बशी पिशवीत बांधून ठेवली. हात धुतले, पुन्हा धुतले.

प्रफुल्ल परतला तेव्हा उन्हं कलली होती. त्याने सरळ झालेली रेघ बघितली, रिकामा डबा बघितला. तो खुर्चीत बसला. मोनालीला वाटलं, आता हा काहीतरी म्हणेल. वाईट झालं म्हणेल. चुकलं म्हणेल. तेवढंच म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"रेकॉर्डिंग चालू होती ना?" त्याने विचारलं.

"नाही."

"थोडीशी पण नाही? शेवटची दहा मिनिटं?" त्याने कपाळाला हात लावला. "मोना, तू काय केलं हे तुला समजून राहिलं का? लोकांनी जन्मभर पाहिलं असतं ते."

मग त्याने खिशातून फोन काढून तौसीफभाईला लावला. हातात पाण्याचा ग्लास घ्यायचा होता म्हणून स्पीकरवर टाकला.

"भाऊ, अंकुर पाहिजे होता एक. हो, दुसरा. पण पट्टी बघून द्याल. बाईचाच पाहिजे. साठीच्या वरचा."

पलीकडे तौसीफभाईने सुस्कारा टाकल्यासारखं वाटलं. "साठीच्या वरचे सगळे संपले, भाऊ. नागपुरातही नाहीत. पंधरा दिवसांपासून जो येतो तो तेच मागून राहिला. माझ्याकडेच सतरा जणांची यादी आहे. कंपनी आता त्याच वयाच्या बायकांच्या पेशी घेऊन राहिली म्हणतात, पुढच्या महिन्यात येतील."

प्रफुल्लने मोनालीकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा राग गेला होता. डोळे चमकत होते.

"ऐकलं?" तो म्हणाला. "आपल्यामुळे."

ती मोरीपर्यंत पोचली नाही. उंबऱ्यातच ओकली. पोटात काही नव्हतं, पिवळं पाणी तेवढं पडलं. भिंतीला धरून ती उभी राहिली, चूळ भरली, मग मशीनसमोर येऊन बसली. नेटची तार लावली. चॅनल तिच्या नावावर होतं. कायमचं बंद करायचं का, म्हणून मशीनने दोनदा विचारलं. तिने दोन्ही वेळा हो म्हटलं. तीन वर्षांचे सगळे घाट, सगळे ट्रक, तिचं सगळं बोलणं पडद्यावरून गेलं.

प्रफुल्ल हातात फोन धरून हे बघत होता. तो ओरडेल असं तिला वाटलं होतं. तो ओरडला नाही.

"हॅलो," फोनमधून तौसीफभाई म्हणत होता. "हॅलो, भाऊ? नाव नोंदवू का तुमचं?"

प्रफुल्लने तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"नोंदवा," तो म्हणाला.